एक ओळ खाली

रामाजी पोस्टमनने फाटकातून हाक मारली तेव्हा गोपिका त्रेसष्टावी उत्तरपत्रिका तपासत होती. मे महिना, सकाळचे साडेदहा, आणि उन्हाने अंगणातली सावली ढकलत ढकलत भिंतीच्या कडेला आणून ठेवली होती. "बाई, बाबाजीचं पत्र हाय, फॉरेनचं," रामाजी म्हणाला. "तिकिटावर बिनकुबडाचा उंट हाय पाहा. काम झालं का मले देजा, नातीले लय शौक हाय." पाकिटावर नाव खरंच बाबांचं होतं, आनंदराव धकाते, सक्करदरा, नागपूर. पण गेल्या सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बाबांना वाचता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं, म्हणून तिने उभ्याउभ्याच ते फोडलं. पहिल्यांदा वाचताना तिला वाटलं, आपण मधली एखादी ओळ गाळली असावी. दुसऱ्यांदा तिने बोट ठेवून वाचलं. पेरू देशातल्या कुस्को गावाहून एका एक्क्याऐंशी वर्षांच्या पाद्र्याने ते सांगून लिहवून घेतलं होतं. इंग्रजी साधं होतं, अक्षर कुण्या परिचारिकेचं. प्रिय आनंदराव, आठ महिने तुमचं पत्र नाही. मला आता दिसत नाही, पण महिने मोजता येतात. माझ्या भावाची वही इथल्या ग्रंथालयात ठेवायची आहे. तेरा वर्षांपूर्वी तुम्ही कळवलं होतं की तुमच्या मुलीने विद्यापीठातल्या गणिताने आपली यादी तपासली आणि तिची खात्री पटली. तिने स्वतःच्या हाताने एक ओळ आणि जुळणाऱ्या शब्दांचा आकडा लिहून पाठवला तर मी तो वहीच्या पहिल्या पानावर लावीन. मग शेवटचं एक वाक्य होतं. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांच्या शब्दांत राहिलो, ते माझ्या आईच्या शब्दांचे कुणीतरी लागतात हे कळल्यापासून मला इथे परकं वाटलं नाही.

खात्री पटली. गोपिका तिथेच उभी राहिली. गेली दहा वर्षं ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती आणि हा शब्द वर्गात फार जपून वापरत होती. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तो आला की त्याखाली लाल रेघ ओढायची तिला सवय होती. आणि हा शब्द तिच्या नावावर तेरा वर्षं पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पडून होता, तिला न विचारता तिथे ठेवलेला. ठेवला होता बाबांनी. ज्या बाबांनी छापखान्यातल्या तीस वर्षांत एक वेलांटी चुकीची जाऊ दिली नाही, त्यांनी.

आतल्या खोलीत कूलरचा आवाज चालू होता. बाबा उमरेडच्या एका कोष्ट्याचा मुलगा. आजोबांच्या मागावर बसायचं सोडून ते नागपूरला आले आणि सदरच्या मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे समोर येईल ते. अक्षरं उलटी वाचायची, ओळ उलटी बांधायची. शाळेत 'मले' म्हटलं म्हणून मास्तरांनी हातावर पट्टी मारली होती, त्यानंतर त्यांनी तो शब्द तोंडातून जो काढून टाकला तो घरातसुद्धा परत आणला नाही. आई वऱ्हाडीत बोलायची, ते पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायचे, आणि लहानपणी गोपिकाला वाटायचं की सगळ्याच घरांत आईची एक भाषा असते आणि बाबांची दुसरी. छापखान्याचे मुख्य होते फादर आरिएता. ते स्पेनचे, पण कुणी स्पॅनिश म्हटलं की त्यांना राग यायचा. मी बास्क आहे, म्हणायचे. त्यांच्या भाषेला जगात सख्खं, चुलत, कुणीच नाही, आसपासच्या सगळ्या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आणि ही मध्ये एकटी. त्यांच्या शाळेत एक अंगठी होती. जो मुलगा घरची भाषा बोलताना सापडेल त्याच्या बोटात ती घालायची. त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की ती त्याच्याकडे जायची, आणि संध्याकाळी ती ज्याच्या ताब्यात राही त्याला छडी. फादरचा धाकटा भाऊ घाबरट होता. म्हणून दिवस संपत आला आणि अंगठी धाकट्याच्या बोटात दिसली की थोरला मुद्दाम त्याच्याजवळ जाऊन एक शब्द मोठ्याने बोलायचा. ही गोष्ट बाबांनी तिला किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. सांगताना ते प्रत्येक वेळी स्वतःचा तळहात उताणा करून बघायचे.

तोच धाकटा भाऊ पुढे पाद्री होऊन कुस्कोला गेला. तिथले लोक केचुआ बोलत. दोघा भावांनी एक खेळ काढला. धाकट्याने पत्रातून केचुआ शब्द पाठवायचे, थोरल्याने समोर बास्क शब्द मांडायचे, आणि कुठे जुळतं ते बघायचं. बापाला बास्कमध्ये आइता, केचुआत ताइता. आईला आमा, मामा. पाण्याला उर आणि उनु. मी म्हणजे नि, न्योका. महिन्याला हिल, किल्या. एकसष्ट साली फादर आरिएता गेले तेव्हा वही बाबांकडे आली, आणि वहीबरोबर तो कुस्कोचा पत्ता. खेळ बाबांच्या हातात आल्यावर खेळ राहिला नाही. त्यांनी त्याला शिस्त लावली. पुस्तकाला एकीकडे लिबुरू आणि दुसरीकडे लिव्रु, पण हे दोन्हीकडे बाहेरून आलेले, म्हणून काढून टाकले. चर्चमधले, बाजारातले सगळे उसने शब्द काढले आणि हात, पाय, दगड, पाऊस असे घरचे एकशे चाळीस ठेवले. छापखाना सुटल्यावर स्वतः खिळे जुळवून त्यांनी दोन लांब गॅली प्रुफं काढली, एका पट्टीवर बास्क, दुसरीवर केचुआ, त्याच क्रमाने, ओळीसमोर ओळ. मूळ वही त्यांनी कुस्कोला धाकट्या भावाकडे पाठवून दिली. रविवारी सकाळी त्या पट्ट्या ओसरीवर शेजारी शेजारी अंथरल्या जायच्या आणि त्यांच्या टोकांवर पाट ठेवले जायचे. आई वरून उडी मारून स्वयंपाकघरात जायची. "माह्या दोन नणंदा," ती म्हणायची. "येक केचुआ न दुसरी ते कोनती. कधी येत नाई, जात नाई, पन दर रविवारी अंगनभर पाय पसरून बसते. अन केचुआ म्हनजे तं गांडूळ होते गा हिंदीत, सांगा न त्याइले!" बाबा हसायचे. चष्मा कपाळावर चढवून, गुडघ्यांवर ओणवे होऊन ते एका ओळीवरून दुसरीवर बोट नेत, आणि जुळलं की बाजूला बारीक शिसपेनने टिंब देत. अशी एकोणीस टिंबं होती.

सहासष्टच्या जूनमध्ये गोपिका एम. एस्सी.ची पहिली परीक्षा देऊन घरी होती. तेवीस वर्षांची होती, आणि योगायोग हा विषय तिला नुकताच, एखादं शस्त्र हाती लागावं तसा लागला होता. बाबा म्हणाले, "गोपिका, हे कितपत खरं आहे ते तुझ्या शास्त्राने सांगता येईल का?" त्यांनी पहिल्यांदाच तिला काही विचारलं होतं, आजवर ती विचारायची आणि ते सांगायचे. ती पाट सरकवून खाली बसली. काय करायचं ते तिला लगेच सुचलं, आणि सुचण्याचा तो आनंद आजही तिच्या अंगाला आठवतो. केचुआची पट्टी तिने एक ओळ खाली सरकवली. आता बापासमोर बाप राहिला नाही, पाण्यासमोर पाणी राहिलं नाही, कुठलाही शब्द कुठल्याही शब्दासमोर. आणि तिने जुळणारे मोजले. सतरा. आणखी एक ओळ खाली, एकवीस. आणखी एक, अठरा. बाबा बघत होते. ती न थांबता बोलत होती, की बघा, नातं असतं तर पट्टी जागेवर असतानाच जास्त जुळायला हवं, सरकवल्यावर एकदम कमी. इथे कुठेही ठेवली तरी तेवढंच. "म्हणजे कुठेही ठेवली तरी तेवढंच," बाबा म्हणाले. "हो." "बरं." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली नाकावर आणला. दोन्ही पट्ट्या गुंडाळल्या, छापखान्यात पान बांधायची दोरी असते तिने बांधल्या, कोपऱ्यात उभ्या केल्या, आणि विचारलं, "चहा घेतलास का तू?" सगळ्याला वीस मिनिटंही लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी विभागात सरांना तिने ही युक्ती सांगितली, सरांनी शाबासकी दिली, आणि ती धंतोलीपासून सक्करदऱ्यापर्यंत ऊन असताना पायी आली.

पुढे ओसरीवर पट्ट्या दिसल्या नाहीत. रविवारी बाबा सकाळीच बाहेर पडू लागले, वाचनालयात जातो म्हणत. घरातला तो एक कोपरा रिकामा झाला आणि आईने तिथे शिलाईचं मशीन ठेवलं. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं, पण इथे मिटवायला काहीच नव्हतं, फक्त एक 'बरं' होतं. ते गोपिकाबरोबर नोकरीला लागलं, दोन स्थळांना तिने नकार दिला तेव्हा होतं, फळ्यावर आकडे लिहिताना पाठीमागे होतं. आपण बरोबर होतो याबद्दल तिला कधी शंका आली नाही. पण बरोबर असण्याला इतकी घाई काय होती? एक रविवार थांबता आलं असतं. असं विचारायला हवं होतं की बाबा, हे तुम्हाला कशासाठी हवंय. हे तिला तिसाव्या वर्षी सुचलं, आणि तोवर दोघंही फक्त बिलं आणि बसच्या वेळा बोलत होते. म्हणू उद्या, म्हणू दिवाळीला. आणि सप्टेंबरात एका सकाळी बाबांच्या हातातली कपबशी कलंडली आणि ते तिच्याकडे बघत तोंडाच्या एकाच बाजूने काहीतरी सांगायला लागले, जे कुठल्याच भाषेत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, समजणं किती उरलंय सांगता येणार नाही. शब्द गेले, पण पाठ केलेलं कधीकधी राहतं, त्याची जागा वेगळी असते. राहिले ते अंक. काहीही बोलायला गेले की तोंडातून आकडे येत, येक, दोन, तीन. 'एक' नव्हे, 'येक', उमरेडच्या अंगणातला, पट्टीच्या मारापूर्वीचा. आणि एकदा सुरू झाले की त्यांना थांबता येत नसे. साठ, सत्तर, घाम येईपर्यंत. मग पाण्याचं भांडं ओठांना लावायचं, म्हणजे साखळी तुटे. दिवसातून सात-आठ वेळा गोपिका किंवा आई ते भांडं उचलत.

ती पत्र घेऊन मागच्या अंगणात गेली. आई खाटेवर धोतर पसरून कुरडया घालत होती. "आई, बाबा कुस्कोला पत्रं लिहायचे?" आईचा हात साच्यावर फिरतच राहिला. "लिहत तं होते."

"कधीपर्यंत?"

"बिमार पडेलोक. मीच तं पाकिटं चिकटवून देत होती, भाताच्या शितानं. त्याइचा गोंद काई चिकटे नाई." तिने एक कुरडई पुरी केली. "तो म्हातारा येकटा हाय म्हने तिथं. महिन्या-दोन महिन्यातून येक-दोन शब्द धाडत जाय हे. अमका जुळला, तमका जुळला. त्याले बरं वाटे."

"जुळत नव्हते, आई. मी दाखवलं होतं बाबांना."

"ठाऊक हाय वं. मले त्याच दिवशी सांगतलं त्याइनं. पोरीनं बराबर दाखवलं म्हने, माह्याच्यानं इतके दिवस दिसलं नाई म्हने. लय खूश होते." आईने वर पाहिलं. "खूश होते अन जेवले नाई."

गोपिका म्हणाली, "मग मला का नाही सांगितलं कुणी? पत्रांचं?"

"कायले सांगतो? तू मोजली असती न मंग," आई म्हणाली, आणि पुढच्या कुरडईसाठी साचा भरू लागली. तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. दुधाला झाकण ठेव, मांजर येईल, असं सांगावं तसं म्हटलं होतं.

दुपारी घराची दारं-खिडक्या लागल्या. गोपिका उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसली आणि एकही तपासली नाही. कागदाच्या एका कोपऱ्यात तिने हिशेब केला. पत्रावरची तारीख आणि आजची, सव्वीस दिवस. जायलाही तेवढेच. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचा दोन महिन्यांचा भरवसा शंभरात अठ्ठ्याण्णव. म्हणजे उत्तर त्याच्यापर्यंत पोचणार, असं धरून चालायचं. खरं लिहायचं म्हटलं तर चार ओळी पुरतात. वडिलांनी कळवलं ते चूक होतं. मी यादी तपासली आणि नातं आढळलं नाही. एकोणीस हा आकडा निव्वळ योगायोगाचा आहे. कळावे. त्या चार ओळी एक परिचारिका एका आंधळ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवील. मग तो 'बरं' म्हणेल. आणि खोटं लिहायचं तर एकच ओळ, जी बाबांनी तिच्या नावाने आधीच लिहून ठेवली होती. तिला बाबांचा राग येत होता, आणि राग येतोय हे जाणवून तिला बरंही वाटत होतं, कारण आठ महिन्यांत प्रथमच बाबांबद्दल दयेखेरीज काहीतरी वाटत होतं. पट्ट्या गुंडाळल्यावर एका महिन्याच्या आत कधीतरी, बहुधा वाचनालयाच्या लांब बाकावर, ते पत्र लिहायला बसले असतील. समोर दोन वाक्यं असतील. मुलीने मोडून दाखवलं, हे एक. आणि दुसरं. किती वेळ बसले असतील? संध्याकाळ होत आलेली, अंगठी धाकट्याच्या बोटात. त्यांनी मोठ्याने एक शब्द बोलून ती आपल्याकडे घेतली, आणि खोटं बोलण्याची छडी तेरा वर्षं एकट्याने खाल्ली. फक्त तो शब्द गोपिकाचा होता.

चार वाजता तिने माळ्यावरची पेटी काढली. पट्ट्या दोरीतच होत्या, कागद पिवळा पडून कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. मोजल्याशिवाय ती काहीच लिहिणार नव्हती, एवढं ठरलं होतं. बाबा उशांना टेकून बसले होते, कूलरच्या वाऱ्याने त्यांचे पांढरे केस एकाच बाजूला उडत होते. तिने त्यांच्या मांड्यांवर जेवणाची फळी आडवी ठेवली आणि तिच्यावर पट्ट्यांची वरची टोकं उलगडली. बाकीची गुंडाळी खाली सोडली. "बाबा, कुस्कोहून पत्र आलंय," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, गेले आठ महिने पाहत तसंच, पाण्याच्या तळाशी असलेल्या माणसाने वर बघावं तसं. तिने पत्र वाचून दाखवलं, इंग्रजीतून, मग मराठीतून. खात्री पटली, या ठिकाणी ती थांबली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

पट्ट्या नीट लागल्या नव्हत्या. कूलरच्या वाऱ्याने असेल, तिच्या घाईने असेल, केचुआची पट्टी खाली घसरली होती, बरोबर एक ओळ. आइतासमोर पट्टीचा कोरा समास होता. ती सारखी करायला ती हात पुढे करणार, तोच बाबांचा डावा हात चादरीवरून उठला. सावकाश आला. पट्टीच्या कडेवर बोटं टेकली आणि अंगठ्याने तिला वर लोटू लागली, खिळ्यांची ओळ जुळणीच्या साच्यात बसवताना लोटतात तशी. आइतासमोर ताइता आला. तिथे हात थांबला आणि तळवा पट्टीवर पसरून राहिला.

त्यांना कळलं होतं का? की तीस वर्षं वाकड्या ओळी सरळ करणाऱ्या हाताने आणखी एक वाकडी ओळ सरळ केली, आणि त्यामागे कुणीच नव्हतं? एका निरीक्षणावरून काही म्हणता येत नाही. हे ती दर जूनला पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. ओळखायचा उपाय सोपा होता. पट्टी पुन्हा एक ओळ खाली सरकवायची आणि बघायचं. मग दोन ओळी. मग बास्कची सरकवायची. दहा वेळा केलं की कळेल. दहा वेळा हात उठला आणि दहाही वेळा पट्टी तिथेच आली, तर बाबा आत आहेत. तिचा हात पुढे झाला होता. बोटं कागदाला लागलीही होती. बाबांच्या हाताच्या शिरा तिच्या बोटांपासून दोन इंचांवर होत्या, आणि कागदातून त्यांच्या तळव्याची थरथर तिला लागत होती.

तिने हात मागे घेतला.

मग तिने पट्ट्या तिथेच राहू दिल्या आणि खाली लोंबणाऱ्या गुंडाळीवरून मोजत गेली, टिंबाटिंबाने, जमिनीपर्यंत. एकोणीस. फळीच्या कडेवर कागद ठेवून तिने इंग्रजीत लिहिलं. आदरणीय फादर, वडील आजारी आहेत, म्हणून उत्तराला उशीर झाला. पट्ट्या आज त्यांच्यासमोर मांडल्या आणि मी पुन्हा मोजल्या. एकूण शब्द एकशे चाळीस. जुळणारे एकोणीस. तिने ते वाचलं. त्यात चूक असा एकही शब्द नव्हता. वर्गात असं उत्तर आलं असतं तर तिने विचारलं असतं, बाकीच्या मोजण्या कुठे आहेत? लाल पेन उशाशी होतं. तिने निळ्या पेनानेच खाली सही केली, आणि सहीनंतर, सही झाल्यावर लिहिलेलं पत्राचा भाग असतं की नाही हे न ठरवता, आणखी एक ओळ लिहिली. तुमच्या आईच्या भाषेत बापाला जे म्हणतात, ते कुस्कोच्या शब्दाच्या बरोबर समोर आहे.

"येक," बाबा म्हणाले.

तिने वर पाहिलं. त्यांचं बोट हलत नव्हतं, कुठल्याही टिंबावर जात नव्हतं. तळवा होता तिथेच होता. "दोन. तीन. च्यार." आवाज स्पष्ट होता, जवळजवळ पूर्वीसारखा. आई दारात येऊन उभी राहिली, हातांना कुरडयांचा चीक तसाच. "काय म्हनून राहिले वं?" तिने हळूच विचारलं. "मोजताहेत," गोपिका म्हणाली. पंधरा, सोळा. कूलरची टाकी रिकामी होत आली होती आणि वारा गरम येऊ लागला होता. सतरा, अठरा. एकोणीसला ते थोडे रेंगाळले, किंवा तिला तसं वाटलं. आईने स्टुलावरचं पाण्याचं भांडं उचलून तिच्यापुढे धरलं. गोपिकाने ते घेतलं, आणि मांडीवर तसंच धरून बसली.

"वीस," बाबा म्हणाले. "येकवीस. बावीस."